आतून लावलेला अडसर

बाईंना नेमकं काय झालंय, हे आधी त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं आणि डॉक्टरांच्या नंतर.

मेंदूचा झटका येऊन गेला होता. डावा हात जड होता, पाऊल थोडं ओढलं जात होतं. पण बाई बोलत होत्या, माणसं ओळखत होत्या, वर्गात कोणता धडा कुठे थांबलाय तेसुद्धा सांगत होत्या. सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. दुपारी नणंद दवाखान्यात भेटायला आली. खाटेच्या कडेला टेकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर आमच्या तोंडचं पाणीच पळवलंत!"

बाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग उशाजवळच्या भांड्याकडे पाहिलं.

"मी नाही घेतलं," त्या म्हणाल्या. "हे माझंच आहे."

नणंद खळखळून हसली. थट्टा सुचतेय म्हणजे वहिनी बऱ्या झाल्या, असं म्हणून तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तो किस्सा ऐकवला. तीही हसली. हसला नाही तो फक्त नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्ट वर जाते, खाली येते, दिवे लागतात, दारं उघडतात, सगळं ठीक दिसतं. पण आवाज बदललेला असतो, आणि तो आवाज एकदा ऐकला की त्याला चैन पडत नसे. बाईंना थट्टा करायची असली की त्यांची एक भुवई आधी वर जायची. आज ती जागची हलली नव्हती.

नणंद गेल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "अहो, त्या का हसल्या?"

नवरा उठला आणि डॉक्टरांना शोधायला गेला.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. मार मेंदूच्या उजव्या बाजूला बसला होता. शब्द शाबूत होते, व्याकरण शाबूत होतं, आठवण बरीचशी शाबूत होती. पण शब्दामागून जे चालत येतं, म्हणजे टोमणा, थट्टा, उपमा, न बोलता सुचवलेलं, ते आता वाटेत हरवत होतं. शिवाय डावीकडचं जग त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. डोळे चांगले होते, पण लक्ष तिकडे वळत नव्हतं. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. पुस्तकातल्या ओळीचे पहिले दोन-तीन शब्द गायब व्हायचे. काही परत येईल, डॉक्टर म्हणाले, किती ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या एखाद्या माणसाचं यावर निभावलं असतं. हिशेबनिसाचं निभावलं असतं. पण बाईंचा धंदाच तो. मुलींच्या शाळेत त्या वरच्या वर्गांना साहित्य शिकवत. एका शब्दात दुसरं काय दडलंय, हे वाकून, खणून, हसत-खिदळत बाहेर काढून दाखवणं हेच त्यांनी उभ्या हयातीत केलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता स्वतः आया झाल्या होत्या आणि तरी रस्त्यात भेटल्या की उपमा आणि रूपक यांतला फरक धडाधड म्हणून दाखवायच्या.

घरी आल्यावर नवऱ्याने आपल्या परीने काळजी घ्यायला सुरुवात केली. तो एरवी बोलायला लागला की तोंडाचा पट्टा सुरू. डोकं खाऊ नको, कान किटले, हाडं खिळखिळी झाली, अशी त्याची भाषा. आता तो एकदम बदलला. "चहा तयार आहे. कप गरम आहे. मी बाहेर जात आहे. सहा वाजता येईन."

बाईंनी काही दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही असं का बोलता?"

"कसं?"

"पूर्वी तुम्ही असं बोलत नव्हता. मला कळणार नाही म्हणून बोलता का?"

"हो."

"पूर्वीसारखं बोला," बाई म्हणाल्या. "नाही कळलं तर मी विचारीन. तुम्ही सांगायचं. मी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचं. कंटाळायचं नाही."

"आणि मी कंटाळलो तर?"

"तर तसं स्पष्ट सांगा. चेहऱ्यावरून मला आता कळत नाही."

त्या दिवसापासून घरात एक विचित्र शाळा भरू लागली. नवरा कामावरून येऊन म्हणायचा, "आज साहेबाने सळो की पळो करून सोडलं," आणि बाई विचारायच्या, "कुठे पळालात?" तो हसू दाबून अर्थ सांगायचा. रोजच्या बोलण्यातलं हळूहळू परत आलं. पोटात कावळे ओरडतात म्हणजे भूक लागते, हे त्यांना परत पाठ झालं. पाठ झालं म्हणजे पाठच झालं. आधी ते नुसतं उमगायचं, आता आठवावं लागायचं. पण बाईंना त्याचं वाईट वाटून घ्यायला फुरसत नव्हती. त्यांना शाळेत परत जायचं होतं.

एके दिवशी त्यांनी कपाटातून ती कादंबरी काढली.

ती खूप जुनी. शाळेत पिढ्यान्‌पिढ्या लावलेली. नदीकाठी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कडक माणसाचं घर, आणि त्याच्या दोन मुली. आई नाही. धाकटीचं मन नदीवर पूल बांधायला आलेल्या एका कामगारावर बसतं. बाप परवानगी देत नाही. एका रात्री धाकटी घर सोडून जाते. थोरली तिच्यासाठी रडत नाही, तिचं नावही पुन्हा काढत नाही, आणि जन्मभर बापाजवळ राहते. धाकटी जाते त्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य शाळेतल्या प्रत्येक मुलीला तोंडपाठ असे: 'दार लागले आणि घराने श्वास सोडला.'

बाई दरवर्षी शिकवत आल्या होत्या की थोरली म्हणजे दगडी काळजाची, मनातून जळणारी बाई. घर हे तिच्या बंद मनाचं प्रतीक. धाकटी दार ओढून बाहेर पडते आणि घर निर्जीव होतं, शेवटचा श्वास सोडतं. गाइडातही तेच, परीक्षेतही तेच.

आता त्यांनी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

"घराला नाक नसतं," त्या मोठ्याने म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "काय?"

"काही नाही."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. स्वतःच्या हस्ताक्षरात समासात लिहिलेल्या टिपा त्यांनी वाचल्या होत्या. 'चेतनगुणोक्ती. फार सुंदर!' असं त्यांनीच लिहिलं होतं. निर्जीवाला सजीव कल्पणाऱ्या या अलंकाराची व्याख्या त्यांना घडाघडा येत होती. पण सुंदर काय, ते सापडेना. आपल्याच घराची किल्ली हातात आहे आणि ती फिरत नाही, असं काहीसं त्यांचं झालं होतं. फक्त असं म्हणणंही त्यांना आता सुचलं नसतं.

वाणी आणि भाषेवर उपचार करणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. बाईंची लेक शोभेल अशा वयाची, पण नजरेने कडक. तिने पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायला शिकवलं होतं. ओळ वाचताना आधी लाल रंग शोधायचा, तो दिसला की मगच वाचायला लागायचं. बाईंनी तिच्यापुढे कादंबरी ठेवली.

"मला हे परत शिकवायचंय," त्या म्हणाल्या. "कसं, ते सांगा."

"सगळं एकदम उचलू नका," ती म्हणाली. "काय घडलं, तेवढंच आधी लिहा. कोण कुठे उभं आहे, कोणतं दार, कोणती खिडकी. जे खरोखर घडू शकतं ते एकीकडे. जे घडू शकत नाही ते बाजूला ठेवा. त्याच्याकडे नंतर बघू. आणि घराचा नकाशा काढा. तुमच्या डाव्या बाजूलाही व्यायाम होईल."

बाई कामाला लागल्या. भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेची पानं उलटी करून त्यांनी घर काढायला घेतलं. पहिल्या नकाशात घराला डावी बाजूच नव्हती. दुसऱ्यात ती आली, पण जिना गेला. त्या खोडत राहिल्या, परत काढत राहिल्या. खाली बापाचं दुकान, त्याला रस्त्याकडे दार, दाराला कुलूप, किल्ली बापाच्या कमरेला. खिडक्यांना गज. मागे अंगणाकडे उघडणारं घराचं दार, त्याला लाकडी अडसर. वर दोन खोल्या. एकीत बाप, दुसरीत दोघी बहिणी.

प्रत्येक गोष्टीपुढे पान क्रमांक लिहीत त्या पुढच्या प्रकरणात आल्या. सकाळ होते. बाप खाली येतो. 'नेहमीप्रमाणे त्याने अडसर काढला व अंगणात पाऊल टाकले.' मग धाकटी नाही असं लक्षात येतं. मग आरडाओरडा. थोरली म्हणते, 'मी झोपले होते.'

बाई थांबल्या. लाल पट्टीपासून ओळ पुन्हा वाचली.

"अहो," त्यांनी हाक मारली. "इकडे या. अडसर बाहेरून लावता येतो का?"

नवरा हात पुसत आला. "कसला अडसर?"

"दाराला आतून आडवं लाकूड टाकतात तो."

"छे. बाहेरून कसा लावणार? हात काय भिंतीतून जातो?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे..." आता मात्र त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. "थांब, करूनच बघू."

पुढचा सगळा रविवार त्यात गेला. त्याने स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला दोन आकडे ठोकले, त्यांत बसेल अशी एक जाड लाकडी पट्टी तासली आणि स्वतः बाहेर जाऊन फटीतून दोरी घालून, तारेचा हूक करून, गुडघ्यावर बसून, पालथा पडून ती पट्टी आकड्यांत पाडायचा प्रयत्न केला. पट्टी जागेवर जाईना. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "काय हो, बाईंनी घराबाहेर काढलं का?"

"साहित्याचा अभ्यास चाललाय, आजोबा!" नवरा पालथ्यानेच म्हणाला.

आत बाईंनी पट्टी उचलून आकड्यांत टाकली. खट्‌ आवाज झाला. बाहेरून दार ढकललं गेलं, हललं नाही.

"म्हणजे ती गेल्यावर आत कोणीतरी होतं," बाई दाराला तोंड लावून म्हणाल्या.

"ते सगळं ठीक, पण आता मला आत घे!"

बाईंनी दार उघडलं नाही लगेच. त्या तिथेच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं हे वाक्य त्या वाचत आल्या होत्या, आणि श्वास, मन, प्रतीक, मृत्यू यांच्यामागे धावताना दारापाशी एकदाही थांबल्या नव्हत्या. धाकटीने दार ओढलं असेल, पण अडसर तिने लावला नव्हता. तो कोणी लावला? झोपले होते म्हणणारी थोरली झोपली नव्हती. ती खाली आली होती. तिने बहिणीला जाऊ दिलं होतं, अंधारात अडसर परत जागेवर ठेवला होता, की बापाला सकाळपर्यंत काही कळू नये. आणि मग बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलली होती.

"मी चुकीचं शिकवलं," नवरा आत आल्यावर त्या म्हणाल्या. "मला शाळेत जायलाच हवं."

मुख्याध्यापक सज्जन माणूस, पण ताकही फुंकून पिणारा. बाई समोर बसल्यावर त्याने टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला.

"वा बाई, फारच लवकर बऱ्या झालात की," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "धन्यवाद."

त्याच्या स्वरातली शंका त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, हे पाहून तो ओशाळला. मग सरळ बोलला. बाईंच्या जागी एक तरुण शिक्षिका आली होती. मुली तिला छोट्या बाई म्हणत. ती मन लावून शिकवत होती. पालकांचं काय, परीक्षेचं काय, वर्गात काही झालं तर काय?

"एक तास द्या," बाई म्हणाल्या. "छोट्या बाई मागे बसतील. त्यांनी सांगावं मला जमतं की नाही."

"पण तुम्ही आलात तर त्यांची जागा जाईल. त्यांना कशाला विचारायचं?"

"त्या वर्गात असतील म्हणून. दुसरं कोण सांगणार?"

मुख्याध्यापकाने पेपरवेट पुन्हा जागेवर ठेवला. बाई उठेचनात, तेव्हा त्याने हात टेकले.

वर्ग तोच, फळा तोच. मुली उभ्या राहिल्या, बसल्या. छोट्या बाई शेवटच्या बाकावर, हात मांडीवर घट्ट धरून. बाईंनी टेबलाचा आधार घेतला.

"मला मेंदूचा आजार झाला," त्या म्हणाल्या. "शब्द कळतात. शब्दामागचं कळायला मला वेळ लागतो, कधी कधी कळतच नाही. म्हणून आज मी विचारणार आणि तुम्ही सांगायचं."

"म्हणजे आज परीक्षा तुमची, बाई?" पुढच्या बाकावरून आवाज आला. ही मुलगी प्रत्येक गोष्टीत वाद घालायची, म्हणून वर्गाने तिचं नाव वकिलीण ठेवलं होतं.

"हो," बाई म्हणाल्या.

वर्ग हसला. बाईंना हसण्याचं कारण कळलं नाही. त्या हसू संपेपर्यंत थांबल्या. आपल्याला न कळलेलं हसू अंगावर घेत वर्गापुढे उभं राहणं किती अवघड असतं, हे छोट्या बाईंना मागच्या बाकावरून दिसत होतं.

मग बाई फळ्याकडे वळल्या आणि घर काढू लागल्या. दुकान, जिना, खोल्या, गज. खडू करकरत होता. चित्र पूर्ण झालं आणि मागे कुजबूज सुरू झाली. बाईंनी विचारलं, काय झालं. शेवटी डावीकडच्या रांगेतून, कोपऱ्यातल्या बाकावरून, एक बारीक आवाज आला.

"बाई, सगळं उजव्या अर्ध्या फळ्यावर आलंय. घराचं दारच राहिलं. आणि तुम्ही आमच्या रांगेकडे एकदाही बघितलं नाहीत."

बाईंनी मान वळवली, आणखी वळवली, खांदाही वळवला, आणि मग त्यांना ती रांग दिसली. सात-आठ मुली तिथे बसून होत्या, केव्हापासूनच्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. त्यांनी डस्टर उचललं आणि सगळं घर पुसलं. फळ्याच्या डाव्या कडेला लाल खडूने वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. या वेळी दार आलं.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "धाकटी गेली. सकाळी बापाने अडसर काढला. अडसर कोणी लावला?"

मग पानं फडफडली. कोणी म्हणालं, धाकटीने. दुसरी म्हणाली, अगं, बाहेरून कसा लावेल? तिसरी म्हणाली, खिडकीतून गेली असेल. चौथीने गज दाखवले. वकिलीण उभी राहिली, "बाई, म्हणजे थोरली जागी होती!" आणि मग जो गोंधळ उडाला, तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन डोकावण्याइतका होता. थोरली दुष्ट नव्हतीच. मग ती बहिणीला भेटायला कधीच का गेली नाही? खोटं बोलली म्हणून. एकदा बोललं की निभवावं लागतं. पण मग स्वतः का नाही गेली? बापाला कोण बघणार? बाप काय लहान आहे?

बाई कोणाचं म्हणणं खोडत नव्हत्या. फक्त एकच विचारत होत्या, "कुठल्या पानावर?"

"आता उरलेलं," त्या म्हणाल्या, गोंधळ जरा बसल्यावर. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'दार लागले आणि घराने श्वास सोडला.' "दार लागलं, हे घडू शकतं. घर श्वास सोडू शकत नाही. मी पूर्वी सांगायची, घर मेलं. शेवटचा श्वास. आता मला तसं काही दिसत नाही. काहीच दिसत नाही. कोणाला दिसतं?"

गाइडातलं उत्तर दोघी-तिघींनी म्हणून दाखवलं. बाई मान हलवत राहिल्या. मग तोच बारीक आवाज आला. या वेळी बाईंनी आधीच तिकडे मान वळवून ठेवली होती.

"मेलं नाही, बाई," ती मुलगी म्हणाली. बाकाच्या कडेवरचे रंगाचे टवके ती नखाने काढत होती. "आमच्याकडे बाबा कामावर निघाले, फाटकाचा आवाज आला, की सगळ्यांचा श्वास सुटतो. आईचा, माझा. कोणी तसं म्हणत नाही. पण भांडीसुद्धा वेगळी वाजतात. घर तसंच करतं. आधी धरून ठेवलेला असतो ना, तो सुटतो."

कोणी हसलं नाही.

बाईंनी विचारलं, "म्हणजे घर घाबरलेलं होतं?"

"घरातली माणसं. पण सगळीच घाबरली की मग घरच."

"आणि दार लागल्यावर?"

"ती सुटली. पकडली गेली नाही. म्हणून."

बाईंनी लाल रेघेपासून फळ्यावरची ओळ पुन्हा वाचली. त्यांना ते वाक्य पूर्वीसारखं अंगावर आलं नाही. काटा आला नाही. पण एखादं गणित पायरीपायरीने सुटावं तसं ते त्यांच्यापुढे उलगडलं: भीती, धरलेला श्वास, दार, अडसर, सुटका. एकही पायरी गाळलेली नव्हती.

"समजलं," त्या म्हणाल्या. "मला ते वाटत नाही, पण समजलं. तुझं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा बरोबर आहे. मी इतक्या वर्गांना चुकीचं सांगितलं."

घंटा झाली तरी मुली उठल्या नाहीत.

मुख्याध्यापकाच्या खोलीत छोट्या बाई उभ्या राहिल्या. बाई शेजारी बसल्या होत्या. बाहेर थांबायला त्यांनी नकार दिला होता. जे सांगायचं ते माझ्यासमोर सांगा, चेहऱ्यावरून मला ओळखता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

छोट्या बाईंनी घसा साफ केला. "डावीकडची रांग त्यांच्या लक्षात आली नाही. फळ्यावर अर्धंच चित्र आलं. मुलींनी दोनदा थट्टा केली, ती त्यांना कळली नाही. एका मुलीला त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला. दमल्यावर शब्द जड येत होते."

मुख्याध्यापकाने सुस्कारा टाकला.

"अजून माझं संपलं नाही," छोट्या बाई म्हणाल्या. "ती कोपऱ्यातली मुलगी माझ्या तासाला कधीच बोललेली नाही. मी आल्यापासून प्रयत्न करतेय. आणि मुली पुस्तकावरून भांडत होत्या, सर. मारामारीच व्हायची बाकी होती. मला असं शिकवता येत नाही. मला मागे बसून शिकायचंय."

"तुमच्या जागेचं काय मग?" बाईंनी विचारलं. दुसऱ्या कोणी हा प्रश्न इतका उघडा विचारला नसता.

"माहीत नाही," छोट्या बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

"रडताय का?"

"हो."

"मग दोघींना ठेवा," बाई मुख्याध्यापकाकडे वळून म्हणाल्या. "पूर्ण दिवस मला जमणार नाही. मी एक वर्ग घेते, अर्ध्या पगारावर. बाकीचे त्यांना द्या."

मुख्याध्यापक कपाळ चोळत बसला. वरच्यांना विचारावं लागेल, कागद लागतील, डॉक्टरांचा दाखला लागेल, असं सगळं म्हणाला. बाईंनी प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागे लागल्या. महिनाभर खेपा झाल्या. शेवटी कंटाळून म्हणा, पटून म्हणा, मंजुरी आली.

पहिल्याच आठवड्यात वकिलीण तास संपल्यावर टेबलापाशी आली. "बाई, मला एक अडचण आहे. अडसर बापानेही लावला असू शकतो."

बाईंनी खडू खाली ठेवला.

"तो जागा असेल. त्याने जाताना पाहिलं असेल आणि जाऊ दिलं असेल. मग खाली येऊन अडसर लावला, आणि सकाळी 'नेहमीप्रमाणे' काढून दाखवला. थोरली खरंच झोपली असेल. ती खोटं बोललीच नसेल."

"पण आरडाओरडा त्यानेच केला," बाई म्हणाल्या.

"लोकांसाठी. कडक माणूस ना तो."

बाईंनी डोक्यात नकाशा फिरवला. बापाची खोली जिन्याच्या वर होती. जमत होतं. एकही ओळ आड येत नव्हती. त्यांना पुन्हा थोरलीचं सगळं आयुष्य उलटंपालटं झालेलं दिसलं.

"परीक्षेत मी काय लिहू?" वकिलिणीने विचारलं.

"गाइडातलं लिही, ते गुण देतील. मग खाली तुझं लिही, पान क्रमांकांसकट. तुझ्या उत्तराला गुण मिळाले नाहीत तर माझ्याकडे ये. आपण पत्र लिहू. आणि उद्या वर्गात उभी राहून हे सांग. मी थोरलीच्या बाजूने भांडीन."

"तुम्ही हरलात तर?"

"तर पुढच्या वर्षी तुझं शिकवीन."

सहामाही संपली तेव्हा दोघी शिक्षिका अभ्यासक्रम वाटून घ्यायला बसल्या. कादंबरी झाली होती. पुढे कविता होत्या आणि व्याकरण होतं. छोट्या बाईंनी पुस्तक उघडलं आणि जरा चाचरत म्हणाल्या, "बाई, रागावू नका. कविता मी घेते. त्यात तर नुसतं घडू न शकणारंच असतं. तुम्हाला फार त्रास होईल. व्याकरण तुम्हाला अगदी सोपं जाईल."

"व्याकरण तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या. "कविता मला द्या."

"पण का?"

"मला त्या येत नाहीत म्हणून."

छोट्या बाईंनी पुस्तक पुढे सरकवलं. बाईंनी पहिली कविता काढली. आठ ओळींची होती. त्यांनी ती वाचली, आणि एकही ओळ कळली नाही. त्यांनी पेन उघडलं, पहिल्या ओळीत जे खरोखर घडू शकतं त्याखाली रेघ मारली, 'रात्र अंगणात बसली' एवढं बाजूला ठेवलं, आणि छोट्या बाईंना म्हणाल्या, "बसा. वेळ आहे ना? ही रात्र कोणाच्या अंगणात बसलीय, ते मला सांगा."